धक्क्यावरचा खर्च

जहाज कंपनीचा नफा वाढवायचा तर जहाज वेगवान करायचे, इंधन वाचवायचे, खलाशी कमी करायचे, हे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठरलेलेच होते. जहाज समुद्रावर चालते, तेव्हा पैसाही समुद्रावरच खर्च होत असणार!

१९५४ साली ‘वॉरियर’ हे मालवाहू जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेले. त्या फेरीचा हिशेब अभ्यासकांनी पुढे बारकाईने मांडला. खोकी, पोती, पिंपे, गठ्ठे, मोटारगाड्या मिळून जहाजात १,९४,५८२ नग होते. समुद्रप्रवास साडेदहा दिवसांचा, पण माल भरायला सहा दिवस आणि उतरवायला चार दिवस लागले. एकूण खर्चात सागरी प्रवासाचा वाटा अवघा साडेअकरा टक्के होता, तर दोन्ही बंदरांतल्या चढउताराचा जवळजवळ ३७ टक्के. जहाज कितीही वेगवान केले, तरी बचत व्हायची ती या साडेअकरा टक्क्यांतलीच.

हमालीचा हा बोजा जहाजवाले रोजच सोसत होते. त्यातून वाट काढली ती मात्र एका ट्रकवाल्याने. नॉर्थ कॅरोलायनातल्या माल्कम मॅक्लीनने १९३४ मध्ये एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला होता. ट्रेलर चाकांसकट जहाजावर चढवावेत, ही त्याची पहिली कल्पना. पण चाकांपायी जहाजातली जागा वाया जाते, हे ध्यानात आल्यावर चाके धक्क्यावर ठेवून नुसती पेटी उचलायचे ठरले. ट्रक आणि जहाजे एकाच मालकाच्या हाती असायला अमेरिकी नियमांची आडकाठी होती, म्हणून १९५५ मध्ये त्याने चांगला चालता ट्रकधंदा सोडला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरहून अधिक खर्च येई. इथे तो १६ सेंटांच्या आसपास आला.

पेटी ही काही मॅक्लीनची कल्पना नव्हे. रेल्वेने तशा पेट्या आधीच वापरल्या होत्या. त्याने पेटीच्या मापाने क्रेन, धक्का, ट्रकची चौकट आणि जहाजाचे पोट बदलले. पेटीच्या कोपऱ्यांवरच्या अडकणीचे पेटंटही पुढे विनामोबदला खुले केले, कारण इतरांच्या क्रेनला न बसणारी पेटी त्यालाच निरुपयोगी होती. पेट्यांमुळे बंदराची जागाही बदलली, कारण त्या रचायला मोकळी जमीन लागते. मुंबईच्या जुन्या गोद्यांभोवती शहर दाटलेले, म्हणून कंटेनरसाठी खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर उभे राहिले आणि १९८९ मध्ये सुरू झाले.

ज्याने हे सगळे पाहिले, तोच पुढे चकला. मॅक्लीनने उभारलेल्या ‘सी-लँड’ या जहाज कंपनीने ताशी ३३ सागरी मैल धावणारी आठ जहाजे मागवली. ती १९७२-७३ मध्ये आली आणि पाठोपाठ तेल कडाडले. मग त्याने ‘युनायटेड स्टेट्स लाइन्स’ ही कंपनी घेऊन बारा अवाढव्य, संथ, कमी तेल खाणारी जहाजे बांधली. यावेळी हिशेब होता तेल महागच राहील असा. तेल उतरले आणि १९८६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. दोन्ही वेळा नजर पुन्हा इंधन आणि वेगावरच होती. ती बारा जहाजे अखेर विकत घेतली ‘सी-लँड’नेच, मॅक्लीनच्या हातून ती कंपनी १९६९ मध्येच गेली होती.