काळ्या पट्टीवर भरवसा नको

आपले बचत गट आता पापड-लोणच्यावर थांबलेले नाहीत. अमरावती-अकोल्याकडे गटांच्या खानावळी चालतात, प्रदर्शनात स्टॉल लागतात, लग्नाच्या ऑर्डरी येतात. त्यासोबत वरण-भाजी गरम ठेवायची विजेची पेटी आली. कुणी तिला हॉट केस म्हणतं, कुणी बेनमारी. आज बोलायचं आहे या पेटीच्या वायरबद्दल.

चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा तुम्हाला ठाऊकच आहे. डिसेंबरात सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. तिथं आमच्या गटाचा स्टॉल होता. दुपारची गर्दी, रोडगे आणि वांग्याची भाजी संपत चाललेली. मध्येच रबर जळाल्यासारखा वास आला. आम्ही म्हटलं, शेजारच्या चुलीचा असेल. तेवढ्यात वाढणारी मैत्रीण म्हणाली, "वं माय, पेटीले हात लावला का झिणझिण्या येऊन रायल्या!"

आम्ही काय सांगितलं? "चप्पल घाल अन् वाढ." आज बोलताना लाज वाटते, पण गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. थोड्याच वेळात तिच्या हाताला असा झटका बसला की पळी उडाली आणि ती मागं आदळली. वाचली, हे नशीब.

पेटी बंद करून उलटी केली, तेव्हा चूक आमचीच निघाली. मागच्या हंगामात आतली वायर तुटली होती. ती आम्हीच पीळ देऊन जोडली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. उष्णतेनं पट्टीचा डिंक वितळला, उघडी तार पत्र्याला टेकली. त्यात आमच्या बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून आम्ही अर्थिंगची हिरवी वायरही कापून टाकली होती. अर्थिंग शाबूत असतं तर वीज जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. अर्थिंग नव्हतं, म्हणून ती मैत्रिणीच्या अंगातून गेली.

वायरमन भाऊंनी दुरुस्ती केली ती आम्ही शेजारी बसून पाहिली. त्यांनी जोड दिला नाही, जळका तुकडा पूर्ण काढून नवी वायर टाकली. घरातली साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंश उष्णतेपर्यंत टिकते. हीटरजवळ सिलिकॉन रबराची वायर लागते, ती १८० अंशांपर्यंत टिकते. टोकांना दाबून बसवलेले लग लावले, सैल स्क्रू आवळले, कारण स्क्रू सैल असला की तिथंच ठिणगी पडते आणि वायर जळते. पत्र्याच्या भोकात रबरी रिंग बसवली, म्हणजे धार वायर कापत नाही. शेवटी अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट बांधली आणि मेगर लावून वीज कुठं गळत नाही ना ते तपासलं.

पिनही बदलली. २००० वॅटची पेटी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपियर वीज ओढते. ६ अँपियरची छोटी पिन त्यात तापते, वितळते. १६ अँपियरचीच जाड तीन पायांची पिन हवी.

आता आपण काय करायचं? पेटी लावण्याआधी वायर, पिन डोळ्यांनी पाहायची. वायर कडक झाली, चिरली, काळी पडली तर पेटी लावायची नाही. पुसायचं, पाणी भरायचं ते पिन काढूनच. नुसतं बटण बंद करून भागत नाही. झिणझिणी किंवा जळका वास आला की त्याच क्षणी मेन बंद, गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल. दुरुस्ती मात्र परवानाधारक वायरमनकडूनच.

मेनजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. वीज माणसातून गळू लागली तर ती क्षणात तोडायचं काम आरसीसीबी करतो.

कुणी चिकटलंच तर तिला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर दूर सारा आणि १०८ ला फोन लावा.

त्या यात्रेनंतर आमच्या हिशेबाच्या वहीत 'दुरुस्ती' असं एक नवं पान आलं. दर महिन्याच्या बैठकीत त्यात थोडे पैसे टाकतो. पुढच्या बैठकीत तुम्हीही हा विषय काढा आणि घरी गेल्यावर पेटी एकदा उलटी करून पाहा. आधी पिन काढून बरं का!