मेंदूच्या पेशींची पारख



महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला राबातील भाताचे रोप आणि तसेच दिसणारे तण यांतील फरक शिकवावा लागत नाही. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी मेंदूच्या पेशींची पारख मात्र नुसत्या रूपावरून होत नाही. ३७ अंश सेल्सियस उष्णतेत, पोषक द्रवात वाढलेल्या या पेशींतील प्रथिने तपासावी लागतात. न्यूरोफिलामेंट ही चेतापेशींची खूण, तर जीएफएपी ही त्यांना आधार देणाऱ्या पेशींची.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. अंजली शिरस व सहकाऱ्यांनी २००३ साली अशा दोन पेशीवंशांचे संशोधन प्रसिद्ध केले. दोहोंत चेतापेशींच्या व आधारपेशींच्या खुणा एकत्र आढळल्या. परंतु एक वंश संथपणे वाढणारा, तर दुसरा झपाट्याने वाढून गाठ निर्माण करणारा निघाला. म्हणूनच एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. पेशीची ओळख चुकली, तर तिच्यावर पारखलेले औषधही रुग्णाच्या कामी येणार नाही.