श्रोता ओळखून बोलावे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या तरुण कार्यकर्त्यांना ‘सभेत भाषण कसे करावे’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. मी काही वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना शिकविणारा एक शिक्षक. परंतु या विषयात मी एकदा सपशेल फसलो आहे, आणि त्या फजितीतून जे शिकलो तेच आज आपणांपुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून मी लग्नातील उधळपट्टीविरुद्ध बोललो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, हे सांगितले, सुभाषिते म्हटली, टाळ्याही पडल्या. पुढच्याच वैशाखात, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविणाऱ्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी शेताचा तुकडा विकला. मी खेदाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, तुमचे सगळे पटले हो. पण व्याह्यांना कोण सांगणार?”

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. मुलीचा बाप अगोदरच पिचलेला. त्याला काटकसर शिकविणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच. ज्यांच्या एका शब्दाने खर्च निम्मा झाला असता, ती वरपक्षाची मंडळी त्याच मंडपात बसली होती, आणि त्यांना उद्देशून मी एक वाक्यही बोललो नव्हतो!

पुढे श्रीगाडगेमहाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाचे मर्म मला उमगले. महाराज ज्या गावी जात, तेथे आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांच्याच संसारातले साधे प्रश्न विचारून ते उत्तर त्यांच्या तोंडून वदवून घेत. ऋण काढून सण करू नका, हे त्यांचे सांगणे म्हणूनच अडाणी शेतकऱ्याच्याही अंतःकरणाला भिडे. स्वतःच्या मुखाने दिलेले उत्तर माणसाला सहसा नाकारता येत नाही.

म्हणून भाषणाचे टिपण काढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. समोर बसणाऱ्यांपैकी निर्णय कोणाच्या हाती आहे? त्याला अडविते काय, लोभ की लोकलाज? आणि घरी गेल्यावर त्याने करावयाची एकच गोष्ट कोणती? ही उत्तरे मिळाली, की भाषा आणि दृष्टान्त त्याच्याच घरातले घ्यावेत.

पुढे हळदीकुंकवाच्या एका समारंभात भगिनींसमोर बोलण्याचा योग आला. तेथे मी कायदा काढला नाही की सुभाषित म्हटले नाही. एवढेच विचारले, “आपल्या लग्नासाठी वडिलांनी काढलेले कर्ज केव्हा फिटले, हे किती जणींना ठाऊक आहे?” सभा स्तब्ध झाली. एक आजी हळूच म्हणाल्या, “वडिलांच्या हयातीत नाही फिटले. भावाने फेडले.” मग मी एकच विनंती केली, की लग्नाच्या बैठकीत मुलाच्या आईने आपण होऊन ‘आम्हांस मानपान नको’ असे प्रथम म्हणावे. त्या वर्षी दोन घरांनी तसे केले. संख्या लहान खरी. पण माझ्या पहिल्या भाषणाने एकही घर हलले नव्हते.

आजही या मंडपात उपवर मुलांचे आईबाप बसले आहेत. तुळशीचे लग्न झाले की बैठकी सुरू होतील. पहिला शब्द आपला असावा, एवढीच त्यांना हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.