शनवार तेल्यांचा शब्बाथ



कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत शाआर हारहमीम बांधले. तोवर प्रार्थनालयाविनाच त्यांनी हा दिवस घरोघर पाळला. पुढे मुंबईत शनिवारी कचेऱ्या उघड्या असत. कित्येकांना रजा मागावी लागे.

येथे न्यूयॉर्कला शनिवार सुट्टीचाच. तरीही सकाळी आम्ही माणसे मोजत बसतो : आठ, नऊ... दहावा आला की मिन्यान पुरे. कोणी न्यू जर्सीला दूर राहतो, कोणाला आठवड्याचा बाजार. एलियाहू हनाबींच्या मलिद्याला मात्र जागा पुरत नाही! मलिद्यावर आमचा राग नाही. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे, सारे वेळेवर हजर असते.

मुले विचारतात, "इतर यहुदी मलिदा का करीत नाहीत?" आम्ही अभिमानाने सांगतो. "मग आज आपण घरी का?" यावर आम्ही गप्प. शुक्रवारी मनुकांच्या सरबतावर किद्दुश होतो, तो तेवढा अजून सुटलेला नाही.

येत्या शनिवारी साडेनऊला दार उघडेल. दहावा कोण, ते आपसांत ठरवून या.