हातांतला दिवा आणि माणसाचा चेहरा

मराठींत फोटोला छायाचित्र म्हणतात. हा शब्द ज्यानें कोणीं घडविला त्याला चित्रकलेची चांगली जाण असली पाहिजे. कारण माणसाचें नाक, गाल, हनुवटी हीं कागदावर उठून दिसतात तीं उजेडामुळें जितकीं, तितकींच सावलीमुळें. परंतु घरोघरच्या बारशांत नि लग्नांत जीं चित्रें निघतात, त्यांतून ही छायाच नाहींशी झालेली असते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविलेला छोटा फ्लॅश लखकन् चमकतो आणि समोरचा चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. कपाळ चकाकतें आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी कडा उमटते. लोक दिव्याला दोष देतात. वस्तुतः दोष दिव्याचा नसून त्याच्या जागेचा असतो. भिंगाला लागून निघालेला उजेड चेहऱ्यावर समोरून पडतो, आणि कॅमेऱ्याला दिसाव्यात त्या सावल्या चेहऱ्याच्या मागें दडून राहतात.

तेव्हां शिकणाऱ्यानें पहिली गोष्ट करावयाची ती ही कीं, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवावा. हल्लीं ४०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे, चार पेन्सिल सेलवर चालणारे फ्लॅश मिळतात. बिनतारी यंत्राची लहानशी जोडी लावली म्हणजे दूर ठेवलेला दिवाहि कॅमेऱ्याचें बटण दाबतांच पेटतो. तो माणसाच्या एका अंगास, सुमारें ४५ अंशांवर, डोक्याहून हात-दीड हात उंच धरावा. नाकाची सावली तिरपी उतरून पलीकडच्या गालाच्या सावलीस मिळाली, कीं त्या बाजूच्या डोळ्याखालीं उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेंब्रांट (१६०६–१६६९) याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड आढळतो, म्हणून छायाचित्रकारांनीं ह्या मांडणीला त्याचेंच नांव दिलें आहे.

एवढ्यानें चेहऱ्याला आकार येतो, पण सावली सुरीनें कापल्यासारखी दिसते. सावलीची धार ठरते ती दिवा चेहऱ्याच्या मानानें केवढा दिसतो त्यावरून. सूर्य प्रचंड खरा, पण फार दूर. म्हणून दुपारची सावली तीक्ष्ण. ढग आला कीं सबंध आकाशच दिवा बनतें आणि सावली विरघळते. फ्लॅशपुढें पांढरी छत्री उघडून धरतात ती ह्याच कारणासाठीं. मात्र छत्री जवळ हवी. तिची रुंदी जेवढी, साधारण तेवढ्याच अंतरावर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलेली छत्री पुन्हां लहान दिवाच होते. छत्री नसल्यास पांढरी भिंतहि चालते. निळ्या वा हिरव्या तैलरंगाच्या भिंतीचा रंग मात्र चेहऱ्यावर उतरतो.

जवळिकीचा दुसराहि एक गुण आहे. दिव्यापासून २ फुटांवर जितका उजेड, त्याचा चौथा हिस्सा ४ फुटांवर आणि अवघा सोळावा हिस्सा ८ फुटांवर पोंचतो. चेहरा दिव्याजवळ आणि भिंत दूर असली कीं भिंत आपोआप काळोखांत जाते. काळा पडदा विकत आणावा लागत नाहीं. हें गणित न मांडतां चित्रांत कसें उतरतें तें पाहावयाचें असेल, तर सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील जलरंगी चित्र आठवावें. पुष्कळ लोक तें भ्रमानें राजा रविवर्म्याचें समजतात. तरुणीच्या हातीं दिवा आहे, ज्योतीवर तिनें दुसरा हात धरला आहे. बोटांतून तांबूस प्रभा फुटते, मुख उजळतें, आणि पुढें तो उजेड ओसरत जातो.

सांवळ्या वर्णाविषयीं थोडें अधिक बोलणें जरूर आहे, कारण आपल्याकडे येथेंच सर्वांत जास्त बिघाड होतो. सांवळा माणूस समोर आला कीं दिवा वाढवावयाचा आणि त्याला गोरा करून पाठवावयाचा, अशी रीत पडून गेली आहे. त्यांत सौजन्य नाहीं. सांवळ्या त्वचेचा आकार सांगते ती तिच्यावरची झळाळी; ती उमटण्यास उजेड जास्त नव्हे, तर रुंद आणि बाजूनें आलेला हवा. गालाच्या हाडावर छत्रीची मंद रेघ उठली कीं वर्णहि राहतो आणि चेहराहि. घरांतील वृद्धांचें असें एखादेंच चित्र पुढें भिंतीवर लागतें, आणि नातवंडें आजीला त्यावरूनच ओळखतात. तेथें परक्या वर्णाची बाई टांगून काय उपयोग?

चमकारा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. म्हणून शटर थोडें मंद केल्यानें खोलीचा उजेड वाढतो, फ्लॅशचा वाढत नाहीं. शटर सुमारें १/२०० सेकंदाहून जलद केलें, तर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा कांहीं भाग काळा येतो.

हा सराव आरंभीं नारळावर करावा. शेंडीचा नारळ कंटाळत नाहीं, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून वीस चित्रें घेतलीं तरी तक्रार करीत नाहीं. आजोबांना मात्र सर्व मांडणी झाल्यावरच खुर्चीवर बोलवावें. त्यांना चष्मा काढावयास सांगूं नये. कांचेंत छत्री चमकत असेल तर छत्री वीतभर वर न्यावी, चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्या, आणि त्यांचें बोलणें चालूं असतांनाच बटण दाबावें.