हत्ती का फुटला?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाहेरच्या टेबलावर आपल्या मुलांनी आणि आजी-आजोबांनी केलेले सिरॅमिकचे छोटे प्राणी तुम्ही पाहिलेच असतील. त्यात एक हत्ती नाही. मला आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

क्लब हाउसमध्ये आम्ही माती घेऊन बसलो, तेव्हा सी विंगमधल्या आजींनी पहिल्यांदा बैल केला. माहेरी पोळ्याला मातीचे बैल घरीच करायचे म्हणे. चिमटीने माती ओढून त्यांनी असं झकास वशिंड काढलं, की मुलं बघतच राहिली. शेजारी त्यांच्या नातवाने हत्ती केला. गुबगुबीत, पण आतून भरीव.

अंग जाड असेल तर माती जराशी कडक झाल्यावर ते तारेने मधोमध कापायचं, आतून कोरायचं आणि साधारण एक सेंटिमीटर जाडी ठेवायची. मग कडांवर ओरखडे मारून, पातळ कालवलेली माती लावून दोन्ही भाग जोडायचे आणि पोटाखाली एक भोक ठेवायचं. हे मला ठाऊक होतं. पण "माझ्या हत्तीला कापू नका" म्हणत तो रडायला लागला आणि मी सोडून दिलं.

वाळवायलाही पुरेसा वेळ दिला नाही. प्राणी वाळला का, हे गालाला लावून बघतात. गार लागला तर आत ओल आहे. हत्ती गार लागला होता. तरी प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून मी तो भट्टीत पाठवला.

100 अंशांच्या पुढे आतल्या ओलीची वाफ झाली. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. हत्ती तर फुटलाच, पण त्याच्या तुकड्याने आजींच्या बैलाचं एक शिंगही उडवलं. हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते असं आपण ऐकतो, पण बहुतेक वेळा खरा दोष ओलीचा असतो. इथे तर दोष माझा होता.

कच्ची माती वाळून मोडली तरी भिजवून पुन्हा मळता येते. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, तीही कच्ची असते म्हणूनच. पण 900-1000 अंशांवर भाजलेली वस्तू पुन्हा माती होत नाही. चूक सुधारायची ती भट्टीच्या आधीच.

मी आजींकडे जाऊन कबुली दिली. त्या बैल हातात फिरवत म्हणाल्या, "अरे, म्हातारा बैल असाच दिसतो. पण पोराला खरं काय ते सांग."

सांगितलं. त्याने दुसरा हत्ती केला आणि पोट स्वतःच कापलं. पातळ कान आधी सुकून तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिक गुंडाळलंय. तो अजून वाळतोय, म्हणून आज टेबलावर नाही. पुढच्या आठवड्यात गालाला लावून बघू. गार लागला, तर आणखी थांबू.