बैल पळताना दिसला पाहिजे

आज शटर स्पीड.

आमच्या पारगावकडं, जुन्नर-आंबेगावात, यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, त्यानंतरची ही गोष्ट. घाटात उभा राहिलो, शटर १/२०००. बैल, पुढची घोडी, उधळलेला भंडारा, सगळं लख्ख आलं. गाडामालक फोटो बघून म्हणाले, "दादा, बैल उभाच वाटतोय की! पुढच्या यात्रेला याची शेवटची बारी, तेवढी नीट घ्या."

खरंच होतं. गाडा सेकंदाला १० मीटर पळतोय असं धरा. १/२००० सेकंदात तो अर्धाच सेंटिमीटर सरकतो, १/६० मध्ये सोळा-सतरा. म्हणून शेवटच्या बारीला १/६० लावलं आणि बैलाच्या तोंडावर नजर ठेवून कॅमेरा गाड्याबरोबर फिरवला. भर उन्हात फोटो पांढराफटक पडतो, त्यासाठी आयएसओ १००, ॲपर्चर एफ/२२.

बारी काही सेकंदांत संपली. सगळे फोटो हललेले, आणि एक सोडून सगळे वाया. त्या एकात डोळा स्पष्ट, पाय आणि मागची गर्दी नुसत्या रेघा.

मालकांनी तो गोठ्यात लावलाय.